शिट्टी

पहिल्या व्हिडिओत माझं हसू ऐकू येतं.
बाराव्या सेकंदाला.
फोन मी धरला होता, धायरीच्या गच्चीवर,
पाण्याच्या टाकीला पाठ लावून.
ताईने काजळाने मिशी काढलेली,
अंगात बाबांचा बिनबाह्यांचा स्वेटर,
गळ्यात बाबांचीच शिट्टी,
मंगल कार्यालयात गाड्या लावायची.
"ओ, नवरदेव असाल स्टेजवर.
इथे तुम्ही फक्त पांढरी स्विफ्ट."
फोन हलला. पुन्हा घेऊ म्हटलं,
ती म्हणाली, असू दे.

आईने पोळ्या लाटता लाटता पाहिला,
म्हणाली, मिशी यांच्यापेक्षा बरी बसलीय.

चार दिवसांत तीन लाख.
तीन लाख म्हणजे किती, मला कळेना.
बाबांनी हिशेब केला:
एका लग्नाला पाचशे माणूस धर,
म्हणजे सहाशे लग्नं,
आणि एकाही पंगतीत कोणी रुसलं नाही.

मग मंगळवारी एक, शुक्रवारी एक.
स्वारगेटला अनोळखी पोरं ओरडायची, "ओ काका!"
आणि तेवीस वर्षांची शर्वाणी ढमढेरे
वळून हात करायची, येऊ द्या, येऊ द्या, बास.
पुणेरी पाट्यांवर विनोद करायचा नाही, असं ठरलं होतं.
सातव्या आठवड्यात केला.
लॅपटॉपचा हप्ता होता, सुचत काही नव्हतं.
एका मसालेवाल्याने पैसे दिले.
एका गादीवाल्याने गादी दिली,
ती अजून आहे, मध्ये खड्डा पडलाय.

मी चाकणला लागलो, पहिली पाळी,
पहाटे पाचला कंपनीची बस.
ताईकडे माइकवाला मुलगा आला,
कानाला हेडफोन, चेहऱ्यावरची माशी हलत नाही.
तेव्हापासून व्हिडिओ स्वच्छ ऐकू येतात.

रात्री मात्र ती दुसरंच काहीतरी लिहायची,
पाठमोरी, टेबललॅम्पवर टॉवेल टाकून,
माझी झोप मोडू नये म्हणून.

बावीस मिनिटांची फिल्म.
लग्न लागून गेलंय, एक माणूस
तीनशे खुर्च्या मिटतोय.
एवढंच. बोलत नाही, रडत नाही,
मध्ये एकदा कुणाचातरी राहिलेला बाळाचा मोजा
खिशात ठेवतो.
शेवटी रिकाम्या पटांगणात, एकही गाडी नसताना,
सवयीने शिट्टी वाजवतो.
मागे घ्या. मागे. बास.
त्या शेवटच्या 'बास'साठी
तिने बाबांना अठरा वेळा उभं केलं.
बाबांनी एकदाही चहा मागितला नाही.

लॉ कॉलेज रोड, तळघरातलं सभागृह, ऐंशी खुर्च्या.
काही दारातच उभे.
शिट्टी वाजली
आणि सगळे हसले.

वाईट नाही हसले.
घरचं माणूस भेटल्यासारखं हसले.
मी ताईकडे पाहिलं नाही.
ती मागे होती, प्रोजेक्टरच्या उजेडाखाली,
आणि तिथून काही ऐकू येत नव्हतं.
तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून बाबा उठले,
त्यांची सावली पडद्यावरच्या बाबांवर पडली,
वळून सगळ्यांना हात जोडले, बसले
आणि शेजारच्याला सांगू लागले,
"तो मीच."

म्हात्रे पुलावर गाडी थांबवून तिने विचारलं,
"तू हसलास?"
नाही म्हटलं.
"बरं," ती म्हणाली.
राजाराम पुलापाशी म्हणाली,
"बाबा किती खूश होते रे."
धायरी फाट्यापर्यंत मग कोणीच काही बोललं नाही.

काल रविवार. गच्चीवर बोलावलं.
माइकवाला सुट्टीवर. फोन माझ्या हातात दिला.
टाकीपाशी बाबा, भर मे महिन्यात
स्वेटर घालून तयार.
"मिशी खरी आहे," म्हणाले,
"नंतर पुसायला नको."

मी ओठ दाताखाली धरला.
ताई कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरून बघत होती.
म्हणाली, सोड.