सतरा नंबरची विहीर

डोमाजी कुबडे विचारतात,
"हा आकडा कोनं बसवला वं इथं?"

मी म्हणते, कोणीच नाही, तो येतो.
वाक्यात मी आकडा लिहीतच नाही,
महिरपी कंसात एक आज्ञा लिहिते:
वही उघड, सरासरी काढ, इथे ठेव.
छापताना आज्ञा गळून पडते
आणि तिच्या जागी उरतात
सहा पूर्णांक आठ मीटर.

ते चष्मा कपाळावर सारतात.
तीस वर्षं आर्वीच्या छापखान्यात
लग्नपत्रिका, तेरवीच्या चिठ्ठ्या, बाजार समितीचे ताळेबंद
शिशात उलटे जुळवले त्यांनी.
त्याच बोटाने आता पडद्यावरची ओळ चाचपतात.
"आमच्याकडं आकडा लिवून ये.
चुकला तं लिवनाऱ्याचा."

ग्रामपंचायतीच्या खोलीत एक टेबल,
गेल्या वर्षीचं खतवाल्याचं कॅलेंडर
आणि बेचाळीस विहिरींची वही.
महिन्याच्या एक तारखेला मंगरू मडावी
काठावर उकिडवा बसून टेप सोडतो,
आकडा ओरडतो, मी लिहिते.
बाकीचं पान स्वतःच करतं:
तक्ता, आलेख, आणि एक शब्दसुद्धा.
खोली गेल्या मेपेक्षा कमी भरली तर "वर आली",
जास्त भरली तर "खाली गेली".

यंदा पान म्हणालं,
गावाची पाणीपातळी वर आली आहे.
मी ते वाचलं. बरं वाटलं. पुढे गेले.

डोमाजी अर्थ वाचत नाहीत,
आधी रांग पाहतात.
"हे सतरा नंबर. याच्या मांगं टिंब नाई.
सारे आकडे टिंबाखाली टिंब उभे हायेत,
हा शून्य एकटाच बाहीर.
गुंफाबाईची नं वं हे?
हे तं होळीलेच आटली!"

शून्य मीच लिहिला होता.
पाणी नाही, म्हणून शून्य.
आज्ञेने तो सरळ वाचला:
शून्य मीटरवर पाणी, म्हणजे काठोकाठ.
गुंफाबाईची विहीर तिने तुडुंब भरली
आणि तिच्यासारख्या आणखी आठ.

खोडलं. पण तिथे लिहू काय?
"नोंद नाही" कसं लिहू?
मंगरू गेला होता, टेप सोडली होती,
टोक दगडावर आपटलं
आणि मातीचा भुरका घेऊन वर आलं.
मी लिहिलं "कोरडी".
लाल अक्षरांत उत्तर आलं:
हा आकडा नाही.

बरोबर आहे. नाहीच.

मग तिला शिकवलं, दोन ओळी जास्तीच्या:
कोरडी भेटली तर बेरजेत धरू नको,
पण गप्पही राहू नको, किती ते सांग.
पुन्हा चालवलं. मधेच लाइन गेली,
बॅटरीवर पान हळूहळू उतरलं.
आठ पूर्णांक सात.
आलेखाची रेघ टेबलाच्या कडेवरून घसरावी तशी.
ज्या शब्दाला मी हातही लावला नव्हता तो फिरला:
खाली गेली आहे.
आणि त्याच्याखाली एक नवी ओळ:
नऊ विहिरी कोरड्या आहेत, त्या या सरासरीत नाहीत.

"एक आकडा बदलवला तं आमी सारा फर्मा खोलो,"
डोमाजी म्हणाले, "सांजलोक शिसं उपसो."
पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं.
नव्या ओळीने खालचं सगळं ढकललं,
आणि चौथ्या पानावर, कोऱ्या पानाच्या डोक्यावर,
एकच ओळ जाऊन बसली:
मोजणी, मंगरू मडावी.

"हे असं सोडत नसतेत वं.
एकटी ओळ पानावर भिकाऱ्यावानी दिसते."

मी म्हटलं, नऊ हासुद्धा आकडा मी लिहिलेला नाही.
गुंफाबाईला पाणी लागलं की आपोआप आठ होतील.
"आन् एकबी कोरडी नाई रायली तं?"
तर ती ओळच येणार नाही.

त्यांनी बोटाने मोजलं,
तिसऱ्या पानाच्या तळापासून एक ओळ वर.
"मंग बरोबर बसते," म्हणाले,
"मंगरू येते वर."