चार विसा

दुसऱ्या सत्रात, एका मंगळवारी
दस्तूर मॅडमनी फळ्यावर आकडे मांडले.
एकोणसत्तरपर्यंत सगळं सुरळीत.
सत्तरला भाषा अडखळली: साठ-दहा.
ऐंशीला तर चक्क चार-वीस,
कात्र-वँ.
आणि सत्त्याण्णव म्हणजे
चार-वीस-सतरा.

वर्ग खिदळला. तुहिन घोषाल म्हणाला,
एवढी सुधारलेली माणसं, आणि गणित केल्याशिवाय
यांना आजोबांचं वय सांगता येत नाही?
मी हसले नाही.
वहीच्या समासात
एक बांगडा काढत बसले.

दिवाळ्याच्या जेटीवर आय मोजते.
एका हातात दोन, दुसऱ्या हातात दोन,
पाच फेकी टाकल्या की एक वीस.
दर विसाला एक शिंपला फळीवर.
चार शिंपले झाले की म्हणते, चार विसा,
आणि बर्फावर गोणपाट ओढते.
शाळेची पायरी ती एकदाच चढली,
माझं नाव घालायला.

सातवीत होते मी.
प्राजक्ता वर्तक घरी आलेली,
आणि आय तिच्यासमोर म्हणाली, चार विसा नि पाच.
प्राजक्ता गेल्यावर मी दारात उभी राहून
पाढे म्हणून दाखवले तिला.
ऐंशी म्हण आय, पंच्याऐंशी म्हण,
माणसं हसतात.
माणसं म्हणजे मीच.
तिने कोयती धुतली, पालथी ठेवली,
आणि भात वाढला.

कात्र-वँच्या शेवटी एक अक्षर असतं
लिहायचं, पण उच्चारायचं नाही.
पुढे दुसरा आकडा आला
की लिहायचंही नाही.
परीक्षेत हे मी तीनदा चुकले.

तिसऱ्या वर्षी या भाषेची बाकीची घरं उघडली.
ब्रुसेल्समध्ये, किन्शासात
नव्वदला सरळ नव्वदच म्हणतात.
डाकारच्या बाजारात बायका
पैसे पाचापाचांनी मोजतात,
मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या पानाकडे वळल्या.
मी त्याच पानावर राहिले.
तिथल्या कुणा मुलीनेही
आईला दारात उभं राहून
पाढे शिकवले असतील का?

आनंद झाला म्हणू?
झाला, पण त्याला वास होता.
आयचं मोजणं अडाणी नाही,
हे मला पॅरिसने सांगावं लागलं.
खाडी दारात होती,
आणि मी साक्ष आणायला
सेन नदीवर गेले.

रविवारी तिच्या शेजारी बसले.
दोन-दोन, पाच फेकी, शिंपला.
समोर सीवूडचं एक जोडपं,
हातात कापडी पिशवी, फोनवर हिशेब तयार.
चौथा शिंपला ठेवला
आणि मी मोठ्याने म्हटलं, अगदी सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं,
चार विसा!

आयने आधी त्यांच्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
कोपराने ढोसलं मला, आणि हळूच म्हणाली,
"ऐंशी म्हन गो.
गिराईक शिकलेला हाय."