उसना पाय

गुडघ्यामागे, जिथे घाम साचतो त्या खोबणीत,
डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरची करडी नस बघत
शेवईएवढी नळी आत सरकवली
आणि तिचं दुसरं टोक जोडलेला चेंडू
माझ्या हातात दिला.
मोसंब्याएवढा, आत पाण्यासारखं औषध,
थेंबाथेंबानं तीन दिवस पुरणारं.
"घरी जा," म्हणाल्या. "नर्स रोज फोन करेल."

सेंट जॉन्सपासून आमची खाडी पाच तास.
अँब्रोस मागच्या सीटवर आडवा,
प्लास्टरचा पाय दोन उशांवर, चेंडू गळ्यातल्या पिशवीत.
धुक्यात मूस आडवा येईल म्हणून मी हळू चालवत होते.
दर तासाला विचारायचे, दुखतंय?
तो म्हणायचा, "कोणाला?"

अकरा वर्षांपूर्वी भरलेला पिंजरा घोट्यावर पडला,
खेकडे डेकभर पळाले, ते आधी गोळा केले त्यानं.
मग तो घोटा आमच्याकडे राहायलाच आला.
जेवणाच्या टेबलाशी आधी तो बसायचा, मग अँब्रोस.
पायाची आग मस्तकात जायची
आणि मस्तकातून मुलांच्या अंगावर.
बाबांचा स्वभाव, असं मी पोरांना सांगत आले.
स्वभाव कसला,
हाडावर हाड घासत होतं.

पहिल्या रात्री तो सलग सात तास झोपला.
मी जागी. दोनदा नाकाशी हात धरून पाहिला.
सकाळी चहात डब्यातलं दूध ओतताना
त्यानं माझ्या बहिणीची चौकशी केली, नावानिशी.
दुपारी हसला. कशावर ते आठवत नाही,
आवाज आठवतो,
लग्नाआधी धक्क्यावर ऐकला होता तो.
चेंडू सुकत चालला होता, त्याला सुरकुत्या पडत होत्या.
मी तो सारखा उजेडात धरून बघायचे.
खोटं कशाला बोलू,
हा कधीच रिकामा होऊ नये असं मनात आलं.

दुसऱ्या संध्याकाळी चादरीवर रक्त.
डोरी, आमची मांजर, प्लास्टरबाहेरच्या बोटांशी
खेळत बसली होती, नखं काढून, मजेत.
तो वर्तमानपत्र वाचत होता.
ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात;
इथे अंगठा ओरबाडून निघाला
आणि धनी हवामानाचं पान उलटतोय.
"बघ की," मी म्हणाले.
त्यानं खूप वेळ पाहिलं त्या बोटांकडे,
शेजाऱ्याचा माल चुकून आपल्या दारात टाकावा तसं.
मग म्हणाला, "हा उसना दिलाय गं त्यांनी.
माझा कुठंय?"

तिसऱ्या दिवशी फोनवर मारिबेल.
हात धुवा. चिकटपट्टी केसांच्या दिशेनं सोडवा.
आता सावकाश ओढा, अडली तर थांबा.
अडली नाही. मासळी सोलताना पाठीचा काटा
अख्खा निघून यावा तशी आली.
टोक काळं आहे ना? पूर्ण आहे ना?
आहे, मी म्हणाले, आणि मगच मला घाम फुटला.
"आता गोळी द्या, दुखायच्या आधी," ती म्हणाली.
अँब्रोसनं गोळी बशीत ठेवली. "येऊ तर दे."

आम्ही वाट बघत बसलो.
शेगडीत लाकूड कोसळलं. भरती आली असावी,
होडी धक्क्याला घासत होती.
नऊ वाजता पायात मुंग्या.
साडेनऊला अंगठा हलला, इतकुसा,
आणि पाठोपाठ त्याच्या तोंडून अशी शिवी
की डोरी कपाटावर चढली.

दुखतंय?

"मला," तो म्हणाला.
दात आवळलेले, कपाळावर घाम,
आणि माझं मनगट त्यानं घट्ट धरलेलं.
अकरा वर्षांत एकदाही धरलं नव्हतं.

एका हातानं मी गोळी दिली, पाणी दिलं,
सरकलेली उशी परत नीट केली.
चेंडू टाकून द्यायला सांगितलं होतं.
तो खिडकीत आहे अजून,
वाळल्या सालीसारखा, माझ्या चष्म्याशेजारी.