डावीकडं चार

कडोलीच्या मोनाप्पा रुटकुट्यांनी
टेंपोतून उतरवलं एक फुटकं हब,
पोत्यात गुंडाळलेलं, मेलेलं कोकरू आणावं तसं.
"रताळ्याच्या रानात मोडलं बघ," म्हणाले,
"सरीच्या मधोमध. चाक पुढं गेलं,
टॅक्टर मागं राहिला."

लहानसा ट्रॅक्टर. कोबीच्या दोन ओळींमधून जाणारा,
बोनेटवरचं नाव उन्हानं खाल्लेलं.
त्याच्या वयाचे भाग आता
दुसऱ्या मेलेल्या ट्रॅक्टरातच मिळतात.

मी मोडलेला काठ उजेडाकडं धरला.
राखाडी, जाड दाणा, ज्वारीच्या कण्यांसारखा:
बीड. ओतीव.
निम्मी भेग जुनी, तांबूस, तेल प्यालेली,
निम्मी चकचकीत, परवाची.
म्हणजे कित्येक हंगाम
हे अर्धं मोडूनच चालत होतं
आणि कुणाला सांगत नव्हतं.

दुपारी बैलहोंगलहून बसलिंगय्या आले
भंगारातलं चाक घेऊन.
रिम सरळ, पत्रा शाबूत,
पण भोकं पाच.
मोनाप्पांच्या हबला चार.
"वर्तुळ एकच दिसतंय की वो," दोघं एकदम म्हणाले,
एक मराठीत, एक कन्नडात.
"काय इचार करुलास गं? पाड की नवी भोकं."

व्हर्नियर लावला. खरंच, वर्तुळ एकच,
एकशे चौदा, वर केसभर.
खडूनं फरशीवर काढून दाखवलं:
चारावर पाच ठेवले की
एक भोक जुळतं. एकच.
शेजारचं अठरा अंशांनी चुकतं,
आणि अठरा अंश म्हणजे
जुन्या नव्या भोकांमध्ये पाच मिलिमीटरची भिंत.
काका, जोर भोकात नसतो,
बोल्टातसुद्धा फार नसतो,
दोन भोकांच्या मध्ये जे कापलं नाही
तिथं असतो.

हे भरमाण्णा मिस्त्रींचं.
उद्यमबागेत पहिल्या वर्षी
"पोरगी कशाला लेथवर" म्हणणाऱ्यांना
चहा मीच नेऊन द्यायचे.
मिस्त्री हब दोरीला टांगायचे,
हातोडीनं हलकेच विचारायचे.
घडीव असेल तर सूर लांबत जायचा
गल्लीच्या टोकापर्यंत.
बीड ठप्प म्हणून गप्प.
भेगाळलेलं तर फुटक्या घागरीसारखं खरखरायचं.
"आधी कान लाव," म्हणायचे, "माप मग घे."
शेवटी शेवटी त्यांना ऐकूच यायचं नाही,
तेव्हा बोटं टेकवून ऐकायचे.

भोकं पाडली नाहीत मी.
दीडशेचा घडीव तुकडा होता कोपऱ्यात,
कुणाच्या तरी रद्द झालेल्या ऑर्डरीतला.
टांगला, मारला.
वाजला, वाजत राहिला,
बसलिंगय्यांनी मान डोलावली, "गट्टी."
दिवस मावळेपर्यंत सोलत बसले,
पायाशी निळ्या कुरळ्या चुऱ्याचा ढीग.
बेअरिंगची बैठक, चावीची खाच,
मग बहात्तर बहात्तर अंशांवर
पाच.

आता त्या ट्रॅक्टरला
डावीकडं चार, उजवीकडं पाच.
डावं चाक उजवीकडं बसत नाही,
उजवं डावीकडं नाही,
आणि स्टेपनी नव्हतीच कधी.
दोघं दोन बाजूंना उकिडवे बसून आवळत होते.
इकडून: ओंदु, येरडु, मूरु, नाल्कु, ऐदु.
तिकडून मोनाप्पा चारावर थांबलेले,
हातात पाना घेऊन,
पाचवा ऐकू आल्यावर दचकलेले.

सरीत सरळ चालला का, ते मी पाहिलं नाही.
मजुरी अर्धी आली, अर्ध्याची रताळी.
फुटकं हब दुकानाच्या दाराला अडकण म्हणून ठेवलंय.
वारा सुटला की दार त्यावर आपटतं,
ठप्प,
आणि मी लेथ बंद करून वर बघते.
कोणी नसतं.