फुली

म्थाथाच्या पलीकडे, जिथे डांबर संपतं
आणि रस्त्यावर पहिला हक्क गाईंचा,
तिथे पहिलीच्या वर्गात नोमवुझो बाई
आधी खडू उचलत नाहीत.
अंडं उचलतात. लाकडी,
मोजे रफू करायच्या डब्यातलं.
आणि जीभ टाळ्याला चिकटवून सोडतात,
बाटलीचं बूच उडावं तशी.
इकांदा. अंडं.

मी क लिहिला खरा, पण तो क नव्हे.
आपल्या बाराखडीत त्याला घर नाही,
तोंडात मात्र आहे.
वाईट बातमी आली की आपण च्च् करतो ना,
दातांमागून? तो त्यांचा दुसरा.
बैल हाकताना गालाच्या कडेने काढतो, तो तिसरा.
आपल्याकडे हे आवाज शब्दांबाहेर उभे,
चपला काढून, ओसरीवर.
खोसा भाषेत ते घरातलेच,
ताटावर बसणारे.

आज नावांचा खेळ.
अंगणात दोर टाकून तीन अक्षरं काढलीत:
फुटकी बांगडी, शेपटीवाला गोल, आणि फुली.
ज्याच्या नावात जो आवाज
त्यानं त्या दोरावरून चालायचं,
टाचेला अंगठा, टाचेला अंगठा, आवाज करत.
काकाम्बा गोलावर निघाली, बूच उडवत,
शेपटीशी येऊन पडली, उठली, पुन्हा पहिल्यापासून.
म्झोखोलो फुलीवर, न दिसणारा घोडा हाकत.
च्चेबोची पंचाईत.
सोमवारी पुढचे दोन दात गेले,
आता स्वतःच्या नावाशी आला की नुसता वारा.
बाई म्हणाल्या, नाव कुठं जात नाही,
दात येईतो तिथं टाळी वाजव.
तो टाळी वाजवत बांगडीवरून गेला.

एक मुलगी दोरांच्या बाहेर.
दुकानदाराची, सोमाली,
ईस्टरच्या सुट्टीनंतर आलेली.
बाप जाळीआडून पीठ, रॉकेल, मेणबत्त्या विकतो.
माझ्या नावात नाही, ती म्हणाली.
काकाम्बानं तिच्या दप्तराकडे बोट केलं:
आहे की! शेवटी फुली आहे!
बापानं मार्करनं लिहिलेली चार अक्षरं,
शेवटचं तेच.
सगळ्यांनी मिळून वाचलं: उबा, आणि पुढे गालातला आवाज.
एकोणतीस पोरांनी तिला घोड्यासारखं हाकलं.
तसं नाही, ती म्हणाली. उबह्.
आणि डोळे भरले, कारण चुकलेल्या बेरजेवर
बाई हीच खूण मारतात.

बाई गप्प.
सव्वीस वर्षं त्यांनी या अक्षराचा एकच आवाज शिकवला.
पाठाच्या टाचणात यासाठी रकाना नव्हता.
मग त्यांनी जिभेचा खेळ बघायचा आरसा घेतला,
तोंडाशी धरला. उबख.
मुलीनं मान हलवली.
उबहा.
तिनं गळ्यावर बोट ठेवलं: आणखी खालून.
तिसऱ्यांदा आरशावर वाफ धरली
आणि मुलगी हसली, तोंडावर हात घेऊन.

आरसा हातोहात फिरला.
कुणी खोकलं, कुणी थुंकलं,
म्झोखोलोनं आरशावर नाक टेकून डुकरासारखं केलं.
पहिल्या फटक्यात जमलं ते च्चेबोला.
या आवाजाला दात लागत नाहीत.
त्यानं तो दिवसभर काढला,
जेवणात, प्रार्थनेत, लघवीच्या रांगेत,
शेवटी बाईंनी आरसा कुलपात ठेवला.
तेवढ्यात शेळीनं फुलीचा एक दोर
ओढत कुंपणापर्यंत नेला.

संध्याकाळी मी काडेपेटी घ्यायला गेले
तेव्हा जाळीतून विचारलं,
पोरीच्या नावाचा अर्थ काय?
फूल, तो म्हणाला, सुट्टे मोजता मोजता.
आमच्यात त्या शेवटच्या खुणेला
फुली म्हणतात, हे सांगायचं राहून गेलं.
मागे रांग होती,
आणि कुणाला तरी अंडी हवी होती.
सहा, तो आवाज नीट काढून.