धोटा जाण्यापुरतं

पडद्यावर बाबांचा गळा,
करडा, खळ जास्त झालेल्या सुतासारखा.
"नुंगरी, काका," शैलजा हिरेमठ म्हणते,
मग माझ्याकडे वळून, "तुम्ही सांगा ना."
मी सांगते, गिळा.
बाबा डोळे मिटतात,
कुणी कोऱ्या कागदावर सही मागावी तसे.

चमचाभर पांढरं बेरियम
जिभेच्या मुळाशी येतं, घुटमळतं,
थोडं खळग्यात साचतं,
एक बारीक रेघ श्वासाच्या वाटेला लागते.
खोकला. पुन्हा खोकला.
तिने पेनाचं टोक काचेवर टेकवलं:
"हा इथला स्नायू. अन्ननलिकेचं तोंड धरून बसलेला,
दिवसभर आवळून,
झोपेत तेवढा जरा ढिला.
गिळताना तो सोडतो."
मग बिघडलं कुठं, मी विचारलं.
"सोडतो हो. पण सोडलं म्हणजे उघडलं असं नाही.
घाटी वर यायला पाहिजे, वर आणि पुढं.
ती ओढते तेव्हा हे तोंड फाकतं.
काकांची घाटी अर्ध्यातच खाली बसते."

हे सगळं ती माझ्याशी बोलत होती,
तिच्या मराठीत, मधेच कन्नड घालून.
बाबा छताकडे बघत होते.
तीन आठवडे त्यांच्या तोंडून
नुसत्या ओल्या हवेसारखं काहीतरी यायचं.
आणि अचानक, स्पष्ट,
"पावडी."

शैलजाने माझ्याकडे बघितलं. एनु?
तिला शब्द नवा.
मी चप्पल काढली, फरशीवर टाच रोवली,
पंजा दाबून दाखवला:
पाय खाली, ताणा वर,
दोऱ्यांच्या मधे तोंड उघडतं,
धोटा जाण्यापुरतं.
पाय लवकर उचलला
तर धोटा आतच अडकतो, दोरे तुटतात.
वडगावात चाळीस वर्षं हेच केलंय यांनी.
ती हसली नाही. वहीत लिहून घेतला तो शब्द,
कन्नड अक्षरांत.

आता रोज सकाळी, उशी काढून,
पाठ सपाट, फक्त डोकं उचलून
स्वतःच्या पायाची बोटं बघायची.
हनुवटीखालचे स्नायू घट्ट व्हायला.
"काय बघूलायसा, पायाला वात आलाय होय?"
शेजारचा परसू दारातून ओरडतो.
मग आंबील. दाट. एकेक चमचा.
घाटी वर गेली की तिथंच धरायची, दोन आकडे.
बाबा मनात मोजतात, ओंदु, एरडु;
दोरे ते कायम कन्नडात मोजायचे,
मागाचं काम शिकवलेल्या माणसाकडून
आकडेही तसेच घेतले असतील.
पांघरुणाखाली उजवा पाय
दर घोटाला दाबला जातो.
डावा पडून असतो.
शैलजाला मी हे सांगितलेलं नाही,
ती म्हणेल, पायाचा गळ्याशी संबंध नाही.
नसेल.

गल्लीभर पॉवरलूमचा खडखडाट असतो,
त्यात माणसाचा घोट काय ऐकू येणार.
काल सव्वाअकराला लाईट गेली.
एकेक माग थांबत गेला, शेवटी कोपऱ्यावरचा.
हातात चमचा तसाच धरून
मी बाबांच्या गळ्याकडे बघत राहिले.
घाटी चढली,
थरथरली,
ओंदु.