आकसपट्टी

फाउंड्रीत एकतीस वर्षं मी लाकडाचे पंप केले.
एकानंही कधी पाणी उपसलं नाही.
वाळूत दाबायचे, अलगद काढून घ्यायचे,
मागं उरलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं.
तापलेलं लोखंड निवताना आकसतं
म्हणून आमची फूटपट्टीच वेगळी,
शंभरात एक जादा.
तिच्यावरचा इंच बाजारातल्या इंचाहून लांब.

निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला.
पट्टी मी न विचारता आणली.

आता भिलवडीत, म्हशीच्या रिकाम्या गोठ्यात,
एका बल्बखाली
तातोबा आंबीची नाव बांधतोय.
सोळास एक.
तिचा फूट म्हणजे माझे सहा सूत.

पूल झाला तशी ती घाटावर पालथी पडली,
दोन पुरांनंतर पालथीसुद्धा राहिली नाही.
फोटो एकच, कुणाच्या तरी वरातीचा:
नवरा-नवरी मधोमध,
नाव पाठीमागं, अर्धी.

बरगड्यांना बाभळीच्या ढलप्या,
चहाच्या वाफेवर वाकवलेल्या.
खिळे म्हणजे टाचण्या, डोकी छाटून.
सांध्यात काथ्याऐवजी शिवणाचा दोरा
डांबरात बुडवून.
बायको म्हणते, भाकरीलासुद्धा वास येतोय.

परवा बयाक्का आली, तातोबाची.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसरा पिकतोय.
नाव तिच्या हातांवर ठेवली.
तिनं सुपासारखी फिरवली.
'लई देखणी केलीसा,' म्हणाली,
'अशी नव्हती ओ.'

मग पाटावर बसली आणि सांगत गेली.
डाव्या अंगाला वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा,
त्यावरचं ताडाचं झाड उलटं.
'त्यो डावरा. वल्हं हिकडं मारायचा,
म्हणून ह्यी कड झिजलेली.'
नाव डावीकडं कलायची,
तर तालमीतली पोरं तो उजवीकडं बसवायचा,
त्यांच्याकडून पैसे घ्यायचा नाही.

आदल्या दिवशीच
शेजारच्या गुऱ्हाळाच्या काहिलीत पाणी भरून,
तळाला शिशाचा तुकडा चिकटवून,
मी तिला सरळ तरंगवलं होतं.
केवढा खूश झालो होतो.
तिच्यासमोरच पटाशीनं तुकडा उचकटला.

'आन् आतनं,' बयाक्का म्हणाली,
'बसायच्या फळीखाली खाचा. विळ्यानं पाडलेल्या.
उधारीच्या.
लिवाय येत न्हवतं, त्याची वही तीच.
तुमच्याबी हुत्या. संपातल्या.'

मी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

अडीच महिने भोंगा वाजला नव्हता.
पहाटे पलीकडं द्राक्षबागेत छाटणीला जायचो,
ओळखीचं कुणी बघू नये म्हणून
टोपी खाली ओढून, नाळेकडं तोंड करून.
तातोबा हात पुढं करायचा नाही.
पुढं पगार सुरू झाला, बोनस झाला, पूल झाला.

'किती?'
'सतरा.'
आकडा तिनं आठवला नाही. तो जिभेवरच होता.

सोळास एक खाच म्हणजे भुवईचा केस.
रात्री बायको झोपल्यावर
भिंग डोळ्याला बांधलं,
दाढीच्या पात्याचा कोपरा मोडून घेतला,
आकसपट्टी लावली,
आणि श्वास धरून एकेक पाडत गेलो.
सहाव्या खाचेला हात कापला,
ती जरा वाकडी आहे.
राहू दिली.

सकाळी बयाक्कानं नाव पालथी घेतली,
नखानं चाचपत मोजलं, ओठ हलवत.
पुन्हा मोजलं.
'अठरा झाल्या की ओ.'

'लाकूड वाळलं की आकसतं,' मी म्हणालो,
'एक जादा ठेवावी लागती.'

ती त्यावर काही बोलली नाही.
नाव चांगल्या डोळ्याजवळ नेऊन
पत्र्यावरचं झाड उलटं आहे ना,
तेवढं बघितलं.